सातच्या बसला जपानी डबा: इंद्रायणी, सोलं आणि पंखा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मुलगी दुसरीत, डबा रोज अर्धा परत येतो, मोबाइलवर जपानी डब्यांचे व्हिडिओ बघून 'मला तस्साच दे' म्हणून हटून बसलीय, म्हापशाहून बस ७ वाजून १० मिनिटांनी, तुमच्या हातात सकाळी पंचवीस-तीस मिनिटं, सोमवार-गुरुवार शिवराक म्हणजे शाकाहारी, आणि वर हा गोव्यातला उकाडा, त्यात टिकेल का हे सगळं. टिकेल. पण उत्तर लांब होणार, चहा घेऊनच बसा.

मी डिचोलीचा, आठ वर्षं बोटीवर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात काढली, त्यातली तीन जपानी ऑफिसर असलेल्या बोटीवर, म्हणजे रात्रपाळीवाल्यांचे डबे भरणं हे माझं रोजचं काम होतं. आता घरीच आहे, बायको नर्स आहे, तिची ड्युटी कधी सकाळची कधी रात्रीची, त्यामुळे दोन पोरांचे डबे माझ्याकडे आणि शेजारपाजारच्या बारा-तेरा मुलांचेही मीच देतो.

पहिली गोष्ट, त्या व्हिडिओंचं मनावर घेऊ नका. जपानमध्ये पहिली-दुसरीची बहुतेक मुलं रोज डबा नेतच नाहीत, सरकारी प्राथमिक शाळांत जवळपास सगळीकडे शाळेतच जेवण मिळतं, क्युशोकु म्हणतात त्याला. डबा असतो तो मुख्यतः बालवाडीला, सहलीला, नाहीतर मोठ्या वर्गांत. पांडा, मांजर, कार्टूनची तोंडं असलेले डबे म्हणजे क्याराबेन, तो एक वेगळाच हौशी प्रकार आहे, रोजचा डबा तसा नसतो. मीही एकदा केलाय तो उद्योग. मुलगी पहिलीत असताना नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद, कात्रीने कापून भाताच्या पांडाला डोळे, कान, भुवया सगळं लावलं, पन्नास मिनिटं गेली, बस चुकली, स्कूटरवरून सोडायला गेलो तो वेगळाच, आणि दुपारी डबा जसाच्या तसा परत. म्हणे 'पपा, तो माझ्याकडे बघत होता.' त्यानंतर आमच्या डब्यात डोळे नाहीत.

रेल्वे स्टेशनवर विकला गेलेला जपानचा पहिला डबा बहुतेक लोक १८८५ सालचा मानतात, उत्सुनोमिया स्टेशनवरचा. त्यात काय होतं म्हणाल तर भाताचे दोन गोळे, पोटात उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट जपानी फळ, बाजूला मुळ्याच्या लोणच्याच्या दोन चकत्या, आणि सगळं बांबूच्या सालपटात गुंडाळलेलं. बस. तुमच्या मुलीच्या डब्याची सुरुवात तिथूनच करा.

आता डब्याचा आकार. अर्धा डबा परत येतो त्याचं कारण माझ्या मते शंभरातल्या साठ वेळा आकारच असतो. आपल्याकडे डबा मोठा घ्यायचा आणि अर्धा भरायचा, मग बसमध्ये दप्तर उलटंपालटं झालं की भाजी एका कोपऱ्यात, पोळी दुसऱ्या कोपऱ्यात ओली, उघडल्यावर पोराला आधी तो काला दिसतो. जपानी डबा छोटा असतो आणि गच्च असतो. डब्यात पाणी भरून मोजा किती मिली मावतं ते. त्यांचा एक सोपा आडाखा आहे, नीट गच्च भरलेल्या डब्यात जितके मिली तितक्याच साधारण कॅलरी. दुसरीतल्या मुलीला पूर्ण जेवण म्हणून ४५० मिली पुरतो. पण आपल्या गोव्यात सकाळची शाळा, मधली सुट्टी दहा-सव्वादहाला, आणि दीड-दोनला पोर घरी येऊन परत शीत-कडी म्हणजे भात-कालवण जेवणार, मग ३५० मिली पण खूप झाला. प्लास्टिकचा महागडा जपानी डबा मागवू नका, दोन क्लिपांचा चपटा स्टीलचा डबा उत्तम, त्यात अन्न लवकर थंड पण होतं.

भरायचं प्रमाण तीन-एक-दोन. म्हणजे वरून बघितलं तर अर्धा डबा भात, उरलेल्या अर्ध्यात एक भाग अंडं, मासा, पनीर किंवा कडधान्य, आणि दोन भाग भाज्या. वजन करत बसू नका, डोळ्याने बघा.

भाताबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इथेच सगळे आपटतात. उकड्या तांदळाचे गोळे होत नाहीत. तो साळीतच उकडलेला असतो, दाणा सुटाच राहतो, पेजेला आणि हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या कालवणाबरोबर, त्याच्यासारखा दुसरा नाही पण ओनिगिरीला, म्हणजे ह्या भाताच्या गोळ्यांना नको. बासमती, कोलम पण नको. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट, त्याला आपल्याकडे सगळ्यात जवळचा म्हणजे इंद्रायणी, आंबेमोहोरापासूनच काढलेला वाण आहे तो, दुकानात सहज मिळतो. एक वाटी तांदूळ रात्री धुऊन दीड वाटी पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर नको, उन्हाळ्यात रात्रभरात पाणी आंबूस होतं. सकाळी तसाच कुकरला, दोन शिट्या. भात थोडा गिजगिजा वाटला पाहिजे, मोकळा झाला तर पाणी कमी पडलं समजा.

गोळा गरम असतानाच वळायचा, गार झाल्यावर चिकटत नाही. हाताने वळू नका. बोटीवर आम्हाला उघड्या हाताने भाताला हात लावायची बंदीच होती, हातावरचे जंतू गरम भातात झपाट्याने वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. एका वाटीत प्लास्टिकची पातळ फिल्म पसरा, चिमूटभर मीठ भुरभुरवा, दोन मोठे चमचे भात, मधे बोटाने नाही तर चमच्याच्या दांड्याने खळगा करून सारण, वर अजून एक चमचा भात, फिल्मची टोकं गोळा करून पिळा. मग डावा तळहात सपाट, उजवा हात घराच्या छपरासारखा वाकवून तीनदा-चारदा दाबत फिरवा की त्रिकोण होतो. लाडू वळतो तसं आवळून दाबायचं नाही. आतून भुसभुशीत राहिला पाहिजे, चावला की दाणे सुटले पाहिजेत. आवळला तर थंड झाल्यावर दगड होतो. मुलांसाठी एक गोळा लिंबाएवढ्यापेक्षा जरा मोठा, असे दोन.

आणि आत सोल. उमेबोशी शोधत फिरू नका, आपलं आमसूल म्हणजे भिंडांचं सोल तेच काम करतं, आंबट आणि खारट. एक मऊ सोल पाण्यातून काढून, पुसून, बारीक चिरून, त्याला चिमूटभर साखर चोळायची आणि मधे ठेवायचं. भात त्या जागी गुलाबी होतो, माझ्या पोरांना तेच आवडतं, 'आज किती गुलाबी झालंय' म्हणून आधी मधोमध फोडून बघतात. पण एक लक्षात घ्या, आंबट घातलं म्हणजे सगळा भात टिकतो असं नाही, जिथे ते लागलंय तेवढ्यापुरतंच. उमेबोशीचंही तेच आहे, जपान्यांनाही माहीत आहे.

नोरी लागतेच असं नाही. ओली झाली की लहान मुलांना तोडता येत नाही, चामड्यासारखी ओढत बसतात. भाजलेले तीळ लावा, सुंदर दिसतं.

आता उकाड्याचं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर, हे महिने डब्याचे शत्रू, आणि आता तर मोठ्या वर्गांची शाळा एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागलीय. नियम एकच, वाफ आहे तोवर झाकण नाही. गरम डबा बंद केला की वाफेचं पाणी झाकणाला आतून जमतं, तेच परत अन्नावर टपकतं, आणि डबा दोन-तीन तास कोमट राहतो, जंतूंना असलंच हवामान लागतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा पट्टा धोक्याचा, त्यातून अन्न जितकं लवकर बाहेर काढाल तितकं बरं. गोळे स्टीलच्या ताटलीत, फिल्म उघडून, वर पंखा फुल, दहा-बारा मिनिटं. जपानी घरांत हातपंख्याने वारा घालतात, आपल्याकडे छताचा आहे की. बोटाच्या मागच्या बाजूने डब्याचा तळ बघा, गार लागला तरच झाकण. दप्तरात डब्याला चिकटून छोटी पाण्याची बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवलेली, रुमालात गुंडाळून. दहा वाजेपर्यंत ती थंड असते, आणि सुट्टीत पोर तेच गार पाणी पितं.

रात्री बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात, हे आपल्या सगळ्यांच्या घरी होतं, माझी आई पण करायची. नका करू. भातात एक जंतू असतो, बॅसिलस सेरियस, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की वाढतात आणि त्यातलं उलटीचं विष परत गरम करून नष्ट होत नाही. उरलेला भात द्यायचाच तर जेवणं झाल्याबरोबर पसरट डब्यात फ्रीजमध्ये, आणि सकाळी चांगला वाफाळेपर्यंत परतून. पण त्याचे गोळे नका करू, फ्रीजमध्ये भात कडक होतो.

आणि नारळ! हे कोणी सांगत नाही म्हणून ठासून सांगतो. आपल्या निम्म्या भाज्यांवर ओला नारळ, आणि डब्यात सगळ्यात आधी नासतो तो तोच. पोर म्हणतं 'भाजीला वास येतो', आपण म्हणतो नखरे करतंय. उन्हाळ्यात डब्याच्या भाजीत खवलेला नारळ बंद. त्याजागी भाजलेले तीळ जाडसर कुटून, अर्धा चमचा साखर, सोया सॉसचे चार थेंब, आणि त्यात उकडून निथळून पुसलेली फरसबी किंवा वाल घोळवा. जपानी लोक ह्याला गोमा-आए म्हणतात, पाच मिनिटांचं काम आणि थंडच चांगलं लागतं. त्यांच्या डब्यातली प्रत्येक गोष्ट अशी असते, मुळात गार खायलाच केलेली, म्हणून मीठ-गोड चव किंचित पुढे आणि पाणी जवळजवळ नाही. आपली रस्सा भाजी गरम पानात स्वर्ग, पण सव्वादहा वाजता गार डब्यात नाही. सोया सॉस मात्र जपून, आपल्या दुकानांत मिळतो तो काळा चिनी पद्धतीचा, खारट असतो, बाटली तिरपी केली की गेलं.

तांबडा भोपळा माझा हुकमी एक्का. सालीसकट दोन बोटांएवढ्या फोडी, साल खाली करून कढईत एकाच थरात मांडायच्या, बुडतील न बुडतील एवढं पाणी, एक चमचा गूळ, अर्धा चमचा सोया सॉस, झाकण ठेवून मंद आंच. सुरी गेली की झाकण काढून पाणी पूर्ण आटवा, ढवळू नका, कढई हलवा. रात्री करून फ्रीजमध्ये ठेवला तर चव आत मुरते. रविवारी केला तर बुधवारपर्यंत चालतो, त्यापुढे मी नेत नाही. सकाळी एकदा गरम करून, गार करून मग डब्यात. गाजराचं पण तसंच, काडेपेटीच्या काडीएवढे तुकडे तेलावर परतून, साखर-सोया-तीळ.

अंड्याची गुंडाळी म्हणजे तामागोयाकी, ह्यासाठी चौकोनी तवा हवा म्हणतात, मला आजतागायत लागला नाही, डोशाचा छोटा नॉनस्टिक तवा बास. दोन अंडी, एक चमचा साखर, चिमूट मीठ, एक मोठा चमचा पाणी, फेस न काढता काट्याने मोडायचं. तव्याला तेलाचं बोट फिरवून एक तृतीयांश ओतायचं, वरून अर्धवट ओलं असतानाच तुमच्याकडून पलीकडे गुंडाळायचं, ती गुंडाळी कडेला सारून परत तेल, परत एक तृतीयांश, आणि हे महत्त्वाचं, गुंडाळी जरा उचलून तिच्या खाली पण अंडं जाऊ द्यायचं, म्हणजे थर चिकटतात, मग परत गुंडाळा. तिसऱ्यांदा तेच. गोल तव्यात टोकं वेडीवाकडी होतात, ती कापून आपण खायची. डब्यासाठी आत ओलं अजिबात ठेवायचं नाही, शेवटी झाकण टाकून एक मिनिट. पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम कापलं तर थर सुटतात. पहिल्या तीन-चार वेळा भुर्जी होईल. होऊ दे, भुर्जी पण डब्यात जाते.

शिवराक दिवशी पनीरच्या जाड चकत्या तव्यावर दोन्हीकडून लाल करून शेवटी सोया-गुळाचं पाणी ओतून आटवायच्या, किंवा अळसांदे म्हणजे चवळी उकडून सुकी परतलेली, रस्सेदार टोणक नव्हे, सुकी. माशाच्या दिवशी इसवण म्हणजे सुरमई. तुकड्याला मीठ लावून रात्री फ्रीजमध्ये, सकाळी पाणी पुसून तव्यावर कोरडं भाजायचं, जपानी लोक खारवलेला सामन मासा करतात तसंच. मग काटे काढून, बोटांनी दोनदा चाचपून, पाकळ्या करून भातात मिसळा. बांगडा घरी गरम गरम ठीक आहे पण डब्यात नको, बारीक काटे आहेत आणि बंद वर्गात वास, तुमच्या मुलीला बाकीची चिडवतील.

रोज भातच हवा असं पण नाही. पाव घालून केलेला डबा जपानमध्ये पण असतो, आपल्याकडे तर पोदेर म्हणजे पाववाला दारात येतो. पोई ह्या पावाचा खिसा उघडून आत तीच अंड्याची गुंडाळी आणि गाजर, चार तुकडे कापून उभे लावा, झाला मंगळवार.

भरण्याचा क्रम सांगतो, हातात डबा घेऊन वाचा. आधी भात, एका बाजूला, उतरता. मग मोठी वस्तू, अंडं किंवा पनीर, भाताच्या उतारावर टेकवून. मधे पडदा म्हणून केळीच्या पानाचा तुकडा, धुऊन पुसून, विस्तवावर जरा फिरवला की फाटत नाही. जपानी डब्यातलं ते हिरवं प्लास्टिकचं गवत दिसतं ना, ते खऱ्या पानांचीच नक्कल आहे, आपल्याकडे खरं पान परसात आहे. मग भाज्या छोट्या सिलिकॉनच्या कपांत, केकचे मिळतात ते. शेवटी उरलेल्या फटीत भोपळ्याची फोड, काकडी नको, पाणी सुटतं. छोटा टोमॅटो चालेल, पण देठ काढून, धुऊन, पुसून. आणि छोटा टोमॅटो असो की द्राक्ष, लहान मुलांना अख्खं कधी देऊ नका, उभे चार भाग करा, घशात अडकतं, घरात धाकटं भावंड असेल तर दुप्पट लक्ष. झाकण लावून डबा कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली तर फट राहिलीय.

रंग पाच धरतात ते लोक, लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा. मी तीनवर समाधानी आहे.

तुमची सकाळ अशी बसते. रात्री भाजी करून फ्रीजमध्ये, तांदूळ भिजत, बाटली फ्रीझरला, डबा-कप ओट्यावर. सकाळी सव्वासहाला कुकर, तो होतोय तोवर अंडं, मग भाजी गरम करून ताटलीत. साडेसहाला कुकर उघडला की सात मिनिटांत गोळे, सगळं पंख्याखाली. त्या दहा-पंधरा मिनिटांत तिची वेणी घाला, ही वेणीची दहा मिनिटं माझ्या हिशोबात धरलेलीच असतात. सहा बावन्नला भरायला घ्या, सातला दप्तरात. पहिला आठवडा फक्त गोळे, अंडं किंवा पनीर, आणि भोपळा. तीनच गोष्टी. बाकीचं नंतर.

चॉपस्टिकचा आग्रह धरेल ती, घरी रविवारी द्या, शाळेत काटा-चमचा, मधली सुट्टी असते केवढीशी.

आणि परत आलेला डबा न ओरडता उघडून बघा, काय उरलं ते फ्रीजवरच्या कागदावर लिहा, दोन आठवड्यांत कळतं. आमच्या धाकट्याची फरसबी सतत परत यायची, तीळ लावून, सोया लावून, सगळं करून झालं. एक दिवस घाईत सरळ कापायच्या ऐवजी तिरकी लांब कापली गेली, त्या दिवसापासून डबा रिकामा येतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो 'ही वेगळी भाजी आहे ना.' मी हो म्हटलं.